दोरी, चौकट आणि बाबाबा

कला शाखेच्या विद्यार्थ्याने भूमितीवर लेख लिहावा, याचे काही वाचकांना नवल वाटेल. दहावीनंतर गणिताचा निरोप घेऊन आपण इकडे आलो, आता ते पुन्हा कशाला, असेही कोणी म्हणेल. पण यंदाच्या दिवाळीच्या सुट्टीत त्रिकोणांची एकरूपता मला घरच्या अंगणात पुन्हा भेटली, म्हणून हा लेखनप्रपंच.

प्रथम थोडी उजळणी. दोन त्रिकोण एकमेकांवर तंतोतंत बसत असतील तर ते एकरूप. त्रिकोणाला तीन बाजू व तीन कोन, अशी सहा अंगे. सहाही समान असल्याचे दाखवावे लागत नाही. योग्य ती तीन पुरतात. तिन्ही बाजू (बाबाबा), दोन बाजू व त्यांमधला कोन (बाकोबा), किंवा दोन कोन व त्यांमधली बाजू (कोबाको). इसवी सनापूर्वी ३०० च्या सुमारास युक्लिडने रचलेल्या ग्रंथाच्या पहिल्या भागात बाकोबा हे चौथे आणि बाबाबा हे आठवे प्रमेय आहे.

मात्र कोणतीही तीन अंगे चालत नाहीत. तिन्ही कोन समान असले, तरी एक त्रिकोण वहीएवढा आणि दुसरा शेताएवढा असू शकतो. म्हणून सिद्धतेत प्रत्येक विधानापुढे कारण लिहावे लागते. शाळेत असताना मी एकदा कारणाच्या जागी ‘आकृतीवरून दिसते’ असे लिहिले होते. सरांनी ते तांबड्या शाईने खोडले आणि शेजारी लिहिले, “कोणाला?” तेव्हा त्याचा अर्थ कळला नव्हता.

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच. वडिलांना आम्ही अण्णा म्हणतो. ते सुतारकाम करतात. त्यांची शाळा चौथीत सुटली. सुट्टीत मी त्यांच्या हाताखाली होतो. दाराची चौकट जोडून झाली होती : दोन उभी लाकडे, खाली उंबरा, वर गणेशपट्टी. अण्णांनी एका कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत तिरकी दोरी ताणली, गाठ मारली आणि तीच दोरी उरलेल्या दोन कोपऱ्यांना लावली. गाठ बोटभर कमी पडली. त्यांनी चौकट एका कोपऱ्यावर हलकेच ठोकली, पुन्हा दोरी लावली. गाठ बरोबर कोपऱ्यावर आली. “आली गुण्यात,” ते म्हणाले.

असे का होते, हे मी विचारले. “माझ्या बापानं असंच शिकवलं,” एवढेच उत्तर मिळाले. मग मी फळीच्या तुकड्यावर त्यांच्याच पेन्सिलीने आकृती काढली. खालचे कोपरे ब आणि क. ब च्या वर अ, क च्या वर ड. त्रिकोण अबक आणि त्रिकोण डकब घेतले. बाजू अब = बाजू डक, कारण उभी लाकडे सारखी. बाजू बक दोन्ही त्रिकोणांत सामाईक. अक = डब, कारण एकाच दोरीने मोजलेले. म्हणून बाबाबा कसोटीने दोन्ही त्रिकोण एकरूप, आणि त्यांचे संगत कोन, म्हणजे ब आणि क येथील चौकटीचे कोन, समान. समोरासमोरच्या बाजू समान असल्याने चौकट समांतरभुज चौकोन आहे. त्यामुळे या दोन कोनांची बेरीज १८०°. कोन समान आणि बेरीज १८०°, म्हणजे प्रत्येक ९०°. समांतरभुज चौकोनाचे समोरासमोरचे कोन समान असतात, म्हणून उरलेले दोनही काटकोन.

मला मोठा अभिमान वाटला. तीन पिढ्यांच्या दोरीचे कारण मी सांगितले होते! अण्णांनी फळी हातात घेऊन पाहिली आणि म्हणाले, “आणि उंबरा लांब, गणेशपट्टी आखूड असली तर? तरी दोरी जुळती. आधी समोरासमोरची मापं धरायची. ती बरोबर नसली तर दोरी खोटं बोलती.”

मी पुन्हा आकृतीकडे वळलो. खाली रुंद, वर अरुंद आणि दोन्ही उभी लाकडे सारखीच कललेली, अशी चौकट काढली. दोरी खरोखरच जुळते. दोन्ही त्रिकोण एकरूपही होतात. ब आणि क हे कोन समान येतात. पण चौकट समांतरभुज नसल्याने बेरीज १८०° होत नाही, आणि काटकोन मिळत नाही. माझी सिद्धता ज्या ‘पक्षा’वर उभी होती, तो मी शाळेच्या सवयीने गृहीत धरला होता. अण्णा तो प्रत्येक चौकटीला मोजून घेत होते.

मित्रहो, इतिहास वा राज्यशास्त्राच्या उत्तरांत आपण किती सहज ‘यावरून स्पष्ट होते’ असे लिहून मोकळे होतो! आता ते लिहिताना सरांचा तांबडा प्रश्न आठवतो : कोणाला? आणि त्यामागून अण्णांचा : आधीची मापे घेतलीस का?

त्या फळीच्या तुकड्याची पुढे पाचर झाली. चौकट मात्र दारात उभी आहे.