दैत्यसूदनाची गोष्ट थाप आहे का?

चि. सोनीस,


लोणारच्या सहलीचं तुझं पत्र पोचलं. विज्ञानाच्या सरांनी काठावर उभं राहून अशनीचा आघात समजावला आणि परतताना गाडीत सातवीतल्या त्या पोरानं विचारलं, "बाई, मग दैत्यसूदनाची गोष्ट थाप आहे?" तुला उत्तर सुचलं नाही म्हणतेस. बरंच झालं. मी एकदा असं उत्तर घाईनं दिलं होतं, त्याची रुखरुख अजून जात नाही.

तेव्हा मी जेजुरीच्या आसपास शिकवत होते. फळ्यावर दोन रकाने आखले, खऱ्या गोष्टी आणि खोट्या गोष्टी. खंडोबानं मारलेल्या मणी-मल्लांची कथा बेधडक दुसऱ्या रकान्यात टाकली. मागच्या बाकावरच्या एका मुलानं पेन खाली ठेवलं. त्याचे वडील वाघ्या. रात्र रात्र जागरणात तीच कथा गाऊन घर चालवायचे. पोरगा बोलला काहीच नाही, पण वर्षभर माझ्या तासाला त्यानं हात वर केला नाही.

तेव्हापासून 'खरी की खोटी' हा प्रश्न मी आधी विचारत नाही. ही गोष्ट काढून घेतली तर काय अडेल, असं विचारते. कावळ्याचं शेणाचं घर पावसात वाहून गेलं नाही, तर काही अडत नाही. पोर जरा कुरकुरेल आणि झोपेल. ही लोककथा. हिरकणी काढली तर रायगडावरचा एक बुरूज पोरका होईल. ती आपल्यासारखीच बाई, काळ शिवरायांचा, कडा आजही बोटानं दाखवता येतो. पुरावा तेवढा तोंडोतोंडीचा. ही दंतकथा.

आता मणी-मल्ल काढून बघ. देव दैत्यांशी सहा दिवस लढला म्हणून मार्गशीर्ष शुद्ध प्रतिपदेपासून षष्ठीपर्यंत खंडोबाचं नवरात्र. ते सहा दिवस कशाला पाळायचे? चातुर्मासात सोडलेलं वांगं कितीतरी घरांत चंपाषष्ठीलाच पुन्हा ताटात येतं, ते का? वैरी असलेल्या मणीला देवाजवळ जागा का? सगळंच निराधार होईल. जिच्यावर माणसांचं वागणं उभं असतं, ती पुराणकथा. हल्ली मिथक म्हणतात. नुसता देव किंवा राक्षस आला म्हणून गोष्ट मिथक होत नाही, एवढं मुलांना नीट कळू दे. राक्षस राजकन्येच्या गोष्टीतही असतो, पण त्याच्यासाठी कुणी उपास धरत नाही.

विल्यम बॅस्कम या अमेरिकी अभ्यासकानं १९६५ मध्ये कथांची साधारण अशीच तिहेरी वाटणी मांडली. त्याचा मुद्दा मला फार पटतो: कथेत काय घडतं तेवढ्यावर ठरवू नये, सांगणारे आणि ऐकणारे तिला काय मानतात तेही पाहावं. म्हणून एका घरची देवाची कथा दुसऱ्या घरी नुसती करमणूक असू शकते. व्रताच्या कहाण्या मात्र तुला छळतील. नगर आटपाट, म्हणजे कुठलंच नाही, आणि उपास मात्र खरा! तिथे पोरांना भांडू दे, निकाल तू देऊ नकोस. तुझ्या स्वतःच्या वाचनासाठी दुर्गाबाई भागवतांची 'लोकसाहित्याची रूपरेषा' वाचनालयातून आण.

आणखी एक. वर्तमानपत्रात 'मिथक आणि वास्तव' असे रकाने येतात, तिथे मिथक म्हणजे गैरसमज. मुलं तोच अर्थ घेऊन वर्गात बसतात. पहिल्या तासालाच तो बाजूला काढ.

आता लोणार. सुमारे १.८ किलोमीटर रुंदीचा तो खळगा कुणीतरी पहिल्यांदा पाहिला असेल. सगळीकडे काळा कातळ, मधेच हे वाटोळं विवर आणि तळाशी खारं पाणी. हे इथे कसं आलं, असं विचारल्याशिवाय माणूस राहील? म्हणून लवणासुर आला. तो जमिनीखाली लपलेला, विष्णूनं दैत्यसूदन होऊन वरचं झाकण उडवलं आणि त्याला मारलं. असुराच्या नावातच मीठ आहे बघ. वाटोळेपणा आणि खारटपणा, दोन्हींची दखल कथेनं घेतलीय. शास्त्रज्ञही बराच काळ ज्वालामुखीचं मुख की अशनीचा आघात, असा वाद घालत होते. जबर आघातानंच बनणारी काच तिथे सापडल्याचं १९७३ मध्ये प्रसिद्ध झालं, तेव्हा पारडं अशनीकडे झुकलं. पुरावा बदलला तर विज्ञानाला आपलं म्हणणं बदलावं लागतं. दैत्यसूदनाच्या देवळातल्या पूजेचं त्या काचेवाचून काही अडलं नाही. दोघांचं काम वेगळं आहे, एवढं त्या पोराला सांग. विवर कसं झालं हे विचारलं तर उत्तर अशनी, तिथे काचकूच नको.

पण एका फंदात पडू नकोस. असुर म्हणजेच अशनी, पूर्वजांना सगळं ठाऊक होतं, असं सांगणारे भेटतील. शिक्षकांच्या खोलीतही भेटतील. त्यात ना विज्ञान उरतं ना कथा. असुराला असुरच राहू दे.

उद्याच्या तासाला मुलांना एवढंच काम दे: घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाला आपल्या गावच्या देवाची गोष्ट विचारायची आणि त्या गोष्टीमुळे घरात काय करतात, काय टाळतात, ते खाली लिहायचं. गाडीतल्या त्या पोरानं काय लिहून आणलं, ते मला कळव. चंपाषष्ठीला येणार असशील तर आधी सांग, भरिताची वांगी आणून ठेवते.

तुझी,
मावशी