त्रैराशिक कोठे चालते आणि कोठे चालत नाही?

आपल्या घरी त्रैराशिक रोज मांडले जाते. मात्र त्याला त्या नावाने कोणी हाक मारीत नाही. नागपंचमीला चार माणसांच्या पातोळ्यांसाठी दोन वाट्या तांदूळ लागत असतील, तर पाहुणे धरून दहा माणसे पानावर बसणार असताना किती तांदूळ भिजत घालावे, हे घरातील आजी पाटीपेन्सिल न घेता सांगते. उत्तर पाच वाट्या. भास्कराचार्यांनी इ. स. ११५० च्या सुमारास रचलेल्या ‘लीलावती’ ग्रंथात हीच रीत त्रैराशिक या नावाने आली आहे. तीत तीन राशी असतात : प्रमाण, फल आणि इच्छा. येथे चार माणसे हे प्रमाण, दोन वाट्या हे फल आणि दहा माणसे ही इच्छा. फलाला इच्छेने गुणावे व प्रमाणाने भागावे, की २ × १० ÷ ४ = ५ असे उत्तर हाती येते.

ही रीत इतकी सोपी व इतकी उपयोगी आहे, की एकदा पाठ झाली म्हणजे विद्यार्थी ती दिसेल त्या उदाहरणास लावू लागतात. पण रीत येणे ही एक गोष्ट आणि ती कोठे लावावी हे कळणे ही दुसरी. पहिली गोष्ट पाठांतराने साधते. दुसरीसाठी विचार करावा लागतो. या लेखात त्या दुसऱ्या गोष्टीचा विचार करावयाचा आहे.

पुढील दोन उदाहरणे पाहा. पेडण्यातील एका शेतात सहा स्त्रिया चार दिवसांत भाताची लावणी पुरी करतात. आठ स्त्रिया आल्या तर किती दिवस लागतील? येथे माणसे वाढली की दिवस कमी होतात. म्हणून ६ × ४ ÷ ८ = ३ दिवस. याला व्यस्त त्रैराशिक म्हणतात. आता दुसरे उदाहरण. एक सूपभर भिंडांची सोलां, म्हणजे आमसुले, उन्हात वाळण्यास चार दिवस लागतात. तशीच पाच सुपे एकाच वेळी उन्हात ठेवली, तर किती दिवस लागतील? घाईने वीस म्हणणारा विद्यार्थी प्रत्येक वर्गात भेटतो. त्याचा गुणाकार अचूक असतो, परंतु उत्तर चुकीचे असते. ऊन सर्व सुपांवर एकदमच पडते. म्हणून उत्तर चारच दिवस.

तेव्हा गुणाकार-भागाकारास हात घालण्यापूर्वी आपण स्वतःला एक प्रश्न विचारावा : “एक राशी दुप्पट झाली, तर दुसरीचे काय होईल?” पातोळ्यांच्या उदाहरणात ती दुप्पट होते, लावणीच्या उदाहरणात निम्मी होते, सोलांच्या उदाहरणात आहे तेवढीच राहते. या तीन उत्तरांखेरीज एक चौथे उत्तर आहे. ते क्षेत्रफळाच्या उदाहरणांत भेटते, आणि तेथेच पुष्कळांची फसगत होते.

घरापुढचे अंगण चौरस आहे आणि त्याची बाजू ३ मीटर आहे असे समजा. ते सारवण्यास दोन टोपल्या शेण लागते. शेजारच्या घराचे अंगणही चौरस आहे, पण त्याची बाजू ६ मीटर. त्याला किती टोपल्या लागतील? बाजू दुप्पट, म्हणून चार टोपल्या, असे उत्तर चटकन ओठांवर येते. परंतु पहिल्या अंगणाचे क्षेत्रफळ ३ × ३ = ९ चौरस मीटर आणि दुसऱ्याचे ६ × ६ = ३६ चौरस मीटर. जागा चौपट झाली. म्हणून टोपल्याही आठ लागतील. लांबी दुप्पट झाली आणि रुंदीही दुप्पट झाली, म्हणजे दोन दुणे चार. टोपल्या आणि क्षेत्रफळ यांचे त्रैराशिक चालते. टोपल्या आणि बाजू यांचे चालत नाही.

ही चूक आजकालची नाही आणि केवळ आपल्या मुलांचीही नाही. सुमारे चोवीसशे वर्षांपूर्वी ग्रीस देशातील प्लेटो या तत्त्ववेत्त्याने ‘मेनो’ नावाचा एक संवाद लिहिला. त्यात सॉक्रेटीस एका गुलाम मुलापुढे जमिनीवर दोन फूट बाजूचा चौरस काढतो आणि याच्या दुप्पट क्षेत्रफळाचा चौरस काढावयाचा तर बाजू किती घ्यावी, असे विचारतो. मुलगा म्हणतो, चार फूट. मग त्याच्या ध्यानात येते, की ४ × ४ = १६ हे तर चारच्या चौपट झाले. तो तीन फूट सांगून पाहतो; ३ × ३ = ९ होतात आणि हवे असतात आठ. शेवटी मूळ चौरसाच्या कर्णावर उभारलेला चौरस बरोबर दुप्पट असतो, हे त्याला आकृतीवरून पटते. सॉक्रेटीसने त्याला उत्तर दिले नाही, प्रश्न विचारले. तुम्हीही एक चौकोनी कागद घ्या, त्याचे चारही कोपरे मध्यबिंदूपाशी आणून दुमडा. दुमडलेला चौरस मूळ कागदाच्या बरोबर निम्मा झालेला दिसेल, आणि मूळ कागदाची बाजू हा या लहान चौरसाचा कर्ण असेल. लहान चौरसाच्या कर्णावर मोठा चौरस उभा आहे आणि तो दुप्पट आहे, याचा पुरावा तुमच्या हातातच राहील.

दुसरा एक प्रयोग शाळेच्या मैदानावर करण्याजोगा आहे. २० मीटर लांबीची काथ्याची दोरी घ्यावी, तिची टोके बांधावी आणि चार मुलांनी चार कोपरे धरून आयत करावा. लांबी ९ व रुंदी १ मीटर असेल तर क्षेत्रफळ ९ चौरस मीटर. ८ आणि २ असेल तर १६. ७ आणि ३ असेल तर २१. ६ आणि ४ असेल तर २४. आणि चारही बाजू ५ असतील तर २५. दोरी तीच, तिच्यात एका वितीचाही फरक नाही. पण आतील जागा ९ पासून २५ पर्यंत बदलली. म्हणून कुंपण सारखे असले म्हणजे जागा सारखी, असे कोणी सांगितले तर मान डोलावू नये.

कोणी विचारील, एवढे बारकावे शिकून उपयोग काय? त्याचे उत्तर आपल्याच गावात आहे. गोव्यात पुष्कळ कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या भाटकाराच्या जमिनीत घर बांधून मुंडकार म्हणून राहत आली. घर त्यांचे, पण घराखालची जमीन दुसऱ्याची, अशी त्यांची स्थिती होती. त्यांना घरातून काढले जाऊ नये म्हणून १९७५ साली गोवा, दमण व दीव मुंडकार संरक्षण कायदा करण्यात आला. राहते घर जमिनीसह विकत घेण्याचा हक्कही मुंडकारास त्यात मिळाला. डिचोली तालुक्यातील मये गावाची कथा थोडी निराळी आहे. तेथील पुष्कळ जमीन गोवामुक्तीनंतर स्थलांतरितांची मालमत्ता म्हणून सरकारी कस्टोडियनकडे गेली आणि ती कसणारे व तीत राहणारे लोक मालकीची वाट पाहत राहिले. त्यासाठी २०१४ साली स्वतंत्र कायदा करावा लागला. अशा प्रत्येक प्रकरणात शेवटी एकच प्रश्न उरतो : जागा किती? आणि हा प्रश्न क्षेत्रफळाचा आहे.

मुंडकार कायद्यात ‘राहते घर’ या शब्दात घराखालील जमिनीबरोबर भोवतालची जमीनही धरली आहे. तिची कमाल मर्यादा दोन प्रकारे सांगितली आहे. ग्रामपंचायतीच्या हद्दीत, जागा उपलब्ध असल्यास, घराच्या बाहेरच्या भिंतींपासून पाच मीटरपर्यंत; किंवा पर्यायाने घर धरून ३०० चौरस मीटर. पंचायतीच्या हद्दीबाहेर हेच आकडे दोन मीटर आणि २०० चौरस मीटर असे आहेत. कोणत्या घरास काय लागू पडते हे मामलेदारांपुढे ठरते. तो आपला विषय नव्हे. आपण केवळ गणित पाहू.

एक घर ८ मीटर लांब व ६ मीटर रुंद आहे. भोवती पाच मीटरचा पट्टा धरला तर एकूण जागा किती? येथे दोन चुका नेहमी होतात. कोणी ८ मध्ये ५ व ६ मध्ये ५ मिळवून १३ × ११ = १४३ करतो. पण पट्टा घराच्या एकाच बाजूस नसून दोन्ही बाजूंस आहे; म्हणून प्रत्येक मापात दहा मिळवावयास हवेत. कोणी चार भिंतींलगतचे चार तुकडे मोजतो आणि कोपरे विसरतो. कोपरे काटकोनी धरले तर प्रत्येक कोपऱ्यात ५ × ५ = २५, म्हणजे चार कोपऱ्यांत तब्बल १०० चौरस मीटर जागा असते. बरोबर मांडणी अशी : १८ × १६ = २८८ चौरस मीटर. म्हणजे या घरापुरता ३०० चौरस मीटरचा आकडा १२ ने मोठा आहे.

आता दुसरे घर घ्या : १२ मीटर लांब, ४ मीटर रुंद. पहिल्या घराचे क्षेत्रफळ ८ × ६ = ४८ आणि याचेही १२ × ४ = ४८. पण पट्ट्यासह मोजले तर २२ × १४ = ३०८ चौरस मीटर होतात; येथे पट्टाच ३०० हून मोठा ठरतो. दोन्ही घरे सारखीच असताना असे का व्हावे? कारण लांबट घराची परिमिती ३२ मीटर आहे आणि पहिल्याची २८. पट्टा भिंतींना लागून धावतो. त्याला घराच्या क्षेत्रफळाशी नव्हे, भिंतींच्या लांबीशी कर्तव्य आहे.

पहिल्या घराच्या दोन्ही बाजू दुप्पट केल्या तर? घर १६ × १२ = १९२ चौरस मीटर, म्हणजे चौपट. पट्ट्यासह जागा मात्र २६ × २२ = ५७२. ही २८८ च्या दुपटीलाही चार चौरस मीटर कमी पडते. घर चौपट झाले, पण पट्ट्यासह जागा दुप्पटही झाली नाही! येथे त्रैराशिक लावणारा हमखास फसणार.

हीच सावधगिरी नकाशा वाचतानाही हवी. जमिनीच्या सर्व्हे नकाशाच्या उताऱ्यावर १:१००० असे प्रमाण लिहिलेले आढळते. याचा अर्थ कागदावरील १ सेंटिमीटर म्हणजे जमिनीवरील १० मीटर. मग कागदावरील १ चौरस सेंटिमीटर म्हणजे किती? दहा नव्हे; १० × १० = १०० चौरस मीटर. कागदावरील ३ चौरस सेंटिमीटर, म्हणजे अंगठ्याच्या नखाहून थोडीच मोठी जागा, हे जमिनीवरील ३०० चौरस मीटर होत. त्यात आणखी एक मेख आहे. नकाशाची झेरॉक्स काढताना तो लांबी-रुंदीने दुप्पट मोठा केला, तर कोपऱ्यात लिहिलेले १:१००० हे अक्षर तसेच राहते, पण चित्रातील जागा पट्टीने मोजल्यास चौपट भरते. म्हणून मोठ्या केलेल्या प्रतीवर कधीही मोजमाप करू नये. उताऱ्यात हेक्टर, आर व चौरस मीटर यांत लिहिलेले क्षेत्रफळ आधी पाहावे. १ आर म्हणजे १०० चौरस मीटर आणि १ हेक्टर म्हणजे १०,००० चौरस मीटर, एवढे ध्यानात असले की पुरे.

विद्यार्थी मित्रांनो, घरी वडीलधारी मंडळी जमिनीचे कागद उलगडून बसतात, तेव्हा पुष्कळदा आकडे दुसराच कोणी वाचून दाखवतो आणि बाकीचे विश्वासाने ऐकतात. ते आकडे स्वतः पडताळून पाहणारे एक तरी माणूस प्रत्येक घरात असावे, आणि ते माणूस तुम्ही व्हावे. त्यासाठी फार मोठी विद्या लागत नाही. एक टेप, एक कागद आणि आरंभीचा तो प्रश्न, “एक दुप्पट झाले तर दुसऱ्याचे काय होईल?”, एवढे पुरते. या सुटीत आपल्या घराची लांबी-रुंदी मोजून त्याची आकृती १:१०० या प्रमाणात काढा. पुढील उदाहरणेही सोडवून पाहा.

१. पंचायत हद्दीतील एक घर ९ मीटर लांब व ७ मीटर रुंद आहे. पाच मीटरच्या पट्ट्यासह जागा किती होईल? ती ३०० चौरस मीटरहून किती अधिक वा उणी?

२. पेडणे किंवा डिचोली नगरपालिकेच्या हद्दीत ८ मीटर लांब व ६ मीटर रुंद घर आहे. दोन मीटरच्या पट्ट्यासह जागा किती? २०० चौरस मीटरला किती कमी?

३. १ चौरस मीटर जागेवर १ मिलिमीटर पाऊस पडला म्हणजे १ लिटर पाणी होते. कौलारू छपराखाली ८० चौरस मीटर जागा झाकली जाते. १०० मिलिमीटर पाऊस पडल्यास छपरावरून किती पाणी येईल? झाकलेल्या जागेची लांबी व रुंदी दोन्ही दुप्पट असती तर किती?

४. गोव्याचे क्षेत्रफळ ३,७०२ चौरस किलोमीटर आहे. १ सेंटिमीटरला १ किलोमीटर या प्रमाणात काढलेल्या नकाशावर गोवा किती चौरस सेंटिमीटर जागा व्यापील? १ सेंटिमीटरला २ किलोमीटर घेतल्यास किती?

उत्तरे : (१) ३२३ चौरस मीटर, २३ अधिक. (२) १२० चौरस मीटर, ८० कमी. (३) ८,००० लिटर, ३२,००० लिटर. (४) ३,७०२, ९२५.५. शेवटचे उत्तर १,८५१ आले असेल, तर हा लेख पुन्हा एकदा अंगणापासून वाचावा.