गुडघ्याच्या दुखण्यात पिशवीची चौकशी

गुडघा दुखायला लागला तेव्हा मी ४७ वर्षांची होते. "वयाचं आहे" असं सगळेच म्हणाले, मीही म्हणाले. मलम झालं, शेक झाला, पट्टा झाला. पण झिजेचं दुखणं आडवं झाल्यावर जरा तरी निवतं. माझं मला रात्री दोनला उठवायचं. ही खूण मी पाच महिने गोळ्यांखाली दाबली. तुम्ही दाबू नका, एक्स-रे काढा.

एक्स-रेत मांडीच्या हाडाच्या खालच्या टोकाला वाळवी लागल्यासारखी पोकळी दिसली. डॉक्टरांनी लगेच खरवडून सिमेंट भरायचं ठरवलंसुद्धा. माझी मामेबहीण नर्स आहे. ती फोनवर ओरडलीच, "ताई, तुकडा तपासल्याशिवाय हाडाला हात लावू देऊ नकोस!" गाठ कसली हे न कळता हाड खरवडलं किंवा त्यात रॉड घातला, तर पेशी आजूबाजूला पसरतात आणि पाय वाचवणं अवघड होऊन बसतं. म्हणून आधी एमआरआय, मग बायॉप्सी. तीही पुढे ऑपरेशन करणाऱ्या सर्जनना विचारूनच, कारण सुई गेली ती वाटसुद्धा बहुधा गाठीबरोबर कापून काढतात.

पहिल्या रिपोर्टात नुसतं 'स्पिंडल सेल ट्यूमर' होतं. म्हणजे पेशी चातीसारख्या, दोन्ही टोकांना निमुळत्या. अशा पेशी कितीतरी गाठींत असतात, त्यावर उपचार ठरत नाहीत. तोच ब्लॉक, म्हणजे मेणात बसवून जपलेला तुकडा, घेऊन आम्ही परळला टाटा रुग्णालयात गेलो. अॅक्टिन, डेस्मिन, कॅल्डेस्मॉन या चाचण्या पॉझिटिव्ह आल्या आणि नाव कळलं: लायोमायोसार्कोमा. आतडी, गर्भाशय, रक्तवाहिन्या यांच्या भिंतींत जे अनैच्छिक स्नायू असतात, त्यांचा कॅन्सर. तो हाडातच सुरू होऊ शकतो हे वैद्यकाने १९६५ च्या सुमारास नोंदवलं. हाडांच्या शंभर कॅन्सरांत असा एकही जेमतेम.

मग डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "पिशवी काढलीय का?" मला वाटलं, मीच चुकीचं ऐकलं. गुडघ्याचा आणि पिशवीचा काय संबंध? संबंध होता. गर्भाशयातला हाच कॅन्सर कित्येक वर्षांनी हाडात उतरू शकतो, आणि तसं असेल तर उपचारांची सगळी दिशाच बदलते. माझी पिशवी नऊ वर्षांपूर्वी फायब्रॉइडसाठी काढली होती. रिपोर्ट? घरभर शोधलं. शेवटी ट्रंकेत, लग्नातल्या शालूच्या घडीत सापडला: साधा फायब्रॉइड. त्या दवाखान्यात ब्लॉक, स्लाइडच्या काचा काहीच उरलं नव्हतं. बाई म्हणाल्या, "कागद बरा, पण काच असती तर आम्हीच बघितलं असतं." छाती, पोट, ओटीपोटाचा सीटी स्वच्छ आला तेव्हा कुठे 'हाडातलाच' असं लिहिलं गेलं.

ऑपरेशन झालं, गुडघ्यात धातूचा सांधा आहे, काठी आहे.

परवा धाकट्या बहिणीची पिशवी काढायचं ठरलं. खर्च नंतर विचारला. आधी विचारलं, "ब्लॉक किती वर्षं ठेवता? नाहीतर आमच्याकडे द्या."