किरणोपचार चालू असता तोंड व घसा यांची निगा

करकंब व भोवतालच्या वाड्यावस्त्यांतून तोंडाच्या किंवा घशाच्या कर्करोगाचा रोगी बार्शीस अथवा मुंबईस जातो, तेव्हा घरची माणसे रोगास भितात, हे साहजिक आहे. परंतु आणखी एक भय आहे, व ते आपल्या हाती टाळण्यासारखे आहे. ते हे की, रोगी उपचार अर्धवट टाकून घरी परततो. असे का होते, याचा या पाठात विचार करू.

मुंबईचे टाटा स्मारक रुग्णालय १९४१ साली उघडले. बार्शीस नर्गिस दत्त स्मारक कर्करोग रुग्णालय आहे, आणि खेड्यांतील कर्करोगाची नोंद ठेवण्याचे काम तेथे १९८७ सालीच सुरू झाले. तेव्हा उपचार आपल्या जिल्ह्यातच आहे. उणीव आहे ती धीराची व माहितीची.

किरणोपचारास आपले लोक 'शेक' किंवा 'लाईट' म्हणतात. तो बहुधा आठवड्यातून पाच दिवस, असा सहा ते सात आठवडे चालतो. किरण रोगाचा नाश करितात, पण तोंडाच्या आतील नाजूक त्वचेसही पोळतात. ही त्वचा सतत झिजते व सतत नवी होते. किरणांमुळे नवी होण्याचे काम अडते. म्हणून पहिला आठवडा बरा जातो, आणि दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यापासून तोंड येते, घसा सोलल्यासारखा होतो, लाळ आटते व चव जाते. मग घरचे म्हणतात, "उपचाराने दुखणे वाढले." तसे नव्हे. उपचार संपल्यावर काही आठवड्यांत तोंड बहुधा भरून येते. चव परत येण्यास महिने लागतात. लाळेची उणीव कित्येकांस पुढेही राहते. परंतु मध्येच खाडे केल्यास उरलेल्या रोगास वाढण्यास सवड मिळते.

आता निगा कशी राखावी ते पाहू.

१. उपचारापूर्वी दात दाखवावे. काढावयाचा दात आधीच काढून जखम भरू द्यावी. मागाहून काढल्यास जबड्याचे हाड भरून न येण्याचे भय असते.

२. एक लिटर उकळून निवविलेल्या पाण्यात एक चहाचा चमचा मीठ व तितकाच खाण्याचा सोडा घालून दिवसातून पुष्कळ वेळा चूळ भरावी. ते पाणी गिळू नये. दात अगदी मऊ ब्रशाने घासावे.

३. मुगाची मऊ खिचडी, दूधभात, नाचणीची पेज, पातळ वरण, मऊ उकडलेले अंडे, असे कोमट अन्न थोडे थोडे द्यावे. तिखट, आंबट, कडक भाकरी व कढत चहा वर्ज्य करावा. पाण्याचे घोट वारंवार घ्यावे.

४. तंबाखू, मिसरी, विडी व दारू पूर्ण सोडावी. मिसरीने दुखणे थांबते, हा निव्वळ भ्रम होय.

५. वेदनेचे औषध डॉक्टरांनी सांगितलेल्या वेळी घ्यावे. जेवणापूर्वी घेण्याचे असल्यास चुकवू नये. गिळवेनासे झाल्यास नाकातून नळी घालितात. ती मरणाची खूण नव्हे. तिच्याद्वारे अन्न पोटात जाते व उपचार पुरा होतो.

पाणीही गिळवत नसेल, ताप १०० अंशांवर गेला, तोंडातून रक्त आले, पांढरे चट्टे दिसले किंवा वजन झपाट्याने घटले, तर त्याच दिवशी रुग्णालयास कळवावे. श्वास कोंडल्यास क्षणाचाही विलंब लावू नये.

भेटीस जाणाऱ्या उपदेशकांस दोन शब्द. रोग्यास बोलवत नाही. प्रश्न विचारून त्यास दमवू नका. हाती पाटी द्या. त्याचे ताट-तांब्या निराळे ठेवलेले दिसल्यास घरच्यांस समजावून सांगा की, कर्करोग भांड्यातून लागत नाही, आणि बाहेरून दिलेला किरण रोग्याच्या अंगात राहून दुसऱ्यास बाधत नाही. प्रार्थना अवश्य करा. पण उद्याच्या खेपेस सोबत कोण जाणार व गाडीभाडे कोण देणार, हे ठरविल्यावाचून उठू नका.

मंडळीत विचारावयाचे प्रश्न: १. तिसऱ्या आठवड्यात तोंड का येते? २. उपचारात खाडा का करू नये? ३. आपल्या वस्तीत अशा रोग्याबरोबर जाण्यास कोण तयार आहे?