पाठ, पुरावा आणि पेटंट : वैद्य, विधिज्ञ व ग्रंथपाल यांची कर्तव्ये

आप्तोपदेश, प्रत्यक्ष, अनुमान व युक्ती ही चार प्रमाणे आपण सर्वांनी पदवी अभ्यासक्रमाच्या आरंभीच अभ्यासली आहेत. कायद्याच्या क्षेत्रातही प्रमाणविचार आहे, मात्र त्याचे निकष निराळे आहेत. आप्ताने सांगितले एवढ्यावर तेथे भागत नाही. ते कोठे लिहिले आहे, केव्हा लिहिले आहे आणि इतरांस ते पाहता येत होते काय, असे तीन प्रश्न तेथे विचारले जातात. पारंपरिक ज्ञान केवळ जुने असल्याने सुरक्षित राहत नाही. ते जुने असल्याचा पुरावा वेळेत सापडला तरच ते सुरक्षित राहते. प्रस्तुत लेखात याच विषयाचा व्यवसायबंधू आणि फार्मसीचालक यांच्या उपयोगाच्या दृष्टीने विचार केला आहे.

१. एका वहीचा अनुभव

आमच्या गुरुवर्यांनी आपल्या पश्चात तीन हस्तलिखित वह्या ठेवल्या. त्यांपैकी एकीत कुष्ठाधिकारातील एका लेपाचा पाठ आहे. बावची, टाकळा, करंज व इतर काही द्रव्ये, गोमूत्राच्या भावना आणि लावण्याची विशिष्ट पद्धत असे त्याचे स्वरूप आहे. सुमारे दहा वर्षांपूर्वी एका परिचित फार्मसीचालकाने आम्हांस कळविले की, जवळजवळ याच योगासाठी एका कंपनीचा पेटंट-अर्ज प्रसिद्ध झाला आहे. आम्ही वही घेऊन तत्काळ पेटंट एजंटांकडे गेलो. त्यांनी ती आदराने चाळली आणि तीनच प्रश्न विचारले. हे पान कोणत्या वर्षी लिहिले? ते लिहिलेले कोणी पाहिले? ही वही इतरांस वाचावयास उपलब्ध होती काय? आमच्यापाशी एकाही प्रश्नाचे उत्तर नव्हते. गुरुवर्यांनी तो लेप चाळीस वर्षे वापरला होता, पण एकाही पानावर दिनांक नव्हता.

अखेर मार्ग निघाला तो एका ग्रंथपालांमुळे. त्यांनी आमच्याकडून प्रत्येक द्रव्याचे सर्व पर्याय लिहून घेतले आणि दोन दिवसांत एक जुना मुद्रित चिकित्सासंग्रह शोधून काढला. त्यात तोच पाठ होता. मात्र तेथे बावची 'अवल्गुज' नावाने, टाकळा 'एडगज' नावाने आणि करंज 'नक्तमाल' नावाने आला होता. मुखपृष्ठामागे प्रकाशनवर्ष होते, आणि ग्रंथालयाच्या दाखल नोंदवहीत तो ग्रंथ केव्हा आला याची तारीखही होती. त्या आधारे विरोध दाखल झाला व पुढे अर्जदाराने अर्ज चालविला नाही. गुरुवर्यांच्या वहीचा मात्र त्या प्रकरणात काहीही उपयोग झाला नाही, याची खंत आम्हांस आजही आहे.

२. हळदीचे प्रकरण

हाच धडा राष्ट्रीय पातळीवर आपणांस हळदीने दिला. दि. २८ मार्च १९९५ रोजी अमेरिकेत मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्रास व्रणरोपणासाठी हळदीच्या वापराचे पेटंट (क्र. ५,४०१,५०४) मंजूर झाले. व्रणावर हळद लावणे आपल्याकडे घराघरांत ठाऊक आहे. तथापि तत्कालीन अमेरिकी कायद्यानुसार परदेशातील केवळ प्रचलित वापर पूर्वज्ञान म्हणून गणला जात नसे. तो पेटंटमध्ये किंवा मुद्रित प्रकाशनात नमूद असणे आवश्यक होते. हा नियम मार्च २०१३ पासून बदलला.

त्यामुळे वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेने (सीएसआयआर) डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या नेतृत्वाखाली १९९६ मध्ये फेरतपासणीची मागणी केली, तेव्हा घराघरांतील अनुभव सांगून भागणार नव्हते. परिषदेने ३२ लिखित संदर्भ सादर केले. त्यांत संस्कृत, हिंदी व उर्दू ग्रंथ होते, तसेच इंडियन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकातील १९५३ चा एक शोधनिबंधही होता. ऑगस्ट १९९७ मध्ये पेटंट कार्यालयाने पेटंटातील दावे फेटाळले व १९९८ मध्ये रद्दतेचे प्रमाणपत्र निघाले. हा विजय वकिलांचा जितका होता, तितकाच ते संदर्भ जपणाऱ्या ग्रंथालयांचा व ते वाचून अर्थ लावणाऱ्या जाणकारांचाही होता.

भारतीय कायदा या बाबतीत अधिक अनुकूल आहे. पेटंट अधिनियम १९७० मध्ये २००२ च्या दुरुस्तीने कलम ३ (पी) समाविष्ट झाले. त्यानुसार जे वस्तुतः पारंपरिक ज्ञान आहे, किंवा परंपरेने ज्ञात द्रव्यांच्या ज्ञात गुणांचा केवळ समुच्चय आहे, त्यास पेटंट मिळत नाही. कलम २५ (१) अन्वये अर्ज प्रसिद्ध झाल्यावर व पेटंट मंजूर होण्यापूर्वी कोणतीही व्यक्ती लेखी विरोध नोंदवू शकते. स्थानिक समुदायातील मौखिक ज्ञान हाही त्या विरोधाचा एक आधार आहे. परंतु मौखिक ज्ञानही सिद्ध करावे लागते. साक्षीदार वृद्ध होतात, स्मृती क्षीण होते, आणि मागे कागदच उरतो.

३. निघंटु हीच आपली ग्रंथसूची

ज्ञान लिहिलेले असूनही सापडत नाही, याचे मुख्य कारण नामभेद होय. एका द्रव्यास अनेक नावे आणि एका नावाची अनेक द्रव्ये, ही अडचण आपल्या पूर्वसूरींनी ओळखली होती. त्यासाठीच निघंटु रचले गेले. ग्रंथालयशास्त्राच्या परिभाषेत बोलावयाचे तर निघंटु ही नियंत्रित शब्दांची सूचीच आहे. कोणत्याही एका पर्यायाने शोधणारा मूळ द्रव्यापर्यंत पोहोचावा, हाच तिचा हेतू.

हेच तत्त्व 'ट्रॅडिशनल नॉलेज डिजिटल लायब्ररी' अर्थात टीकेडीएलमध्ये आधुनिक साधनांनी वापरले गेले. सीएसआयआर व केंद्र शासनाचा भारतीय चिकित्सा पद्धती विभाग (आजचे आयुष मंत्रालय) यांनी २००१ मध्ये हा उपक्रम आरंभिला. ग्रंथांतील पाठ इंग्रजी, फ्रेंच, जर्मन, स्पॅनिश व जपानी या पाच भाषांत, पेटंट-परीक्षकास समजेल अशा रचनेत मांडण्यात आले. त्यासाठी स्वतंत्र वर्गीकरण तयार झाले. आज या संग्रहात चार लाखांहून अधिक योग व प्रक्रिया आहेत. २००९ पासून युरोपीय व अमेरिकी पेटंट कार्यालयांस करारान्वये तो पाहण्याची सोय झाली. ऑगस्ट २०२२ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने तो पेटंट कार्यालयांपलीकडील उपयोगकर्त्यांसही खुला करण्यास संमती दिली.

येथे एक मर्यादा ध्यानी घ्यावी. टीकेडीएलचा आधार प्रामुख्याने प्रकाशित ग्रंथ हा आहे. आपल्या गुरूंच्या वह्या, घराण्यातील बाडे आणि रुग्णालयातील नोंदी त्यात नाहीत. ती जबाबदारी आपली आहे.

४. 'पेटंट औषध' या शब्दाने होणारा घोटाळा

आपल्या व्यवसायात 'पेटंट औषध' हा शब्द सर्रास वापरला जातो. औषधे व सौंदर्यप्रसाधने अधिनियम १९४० मध्ये दोन प्रकार सांगितले आहेत. पहिल्या अनुसूचीतील प्रमाणग्रंथांच्या पाठानुसारच बनविलेले ते शास्त्रोक्त औषध. त्या ग्रंथांतील द्रव्ये घेऊन निर्मात्याने स्वतः योजलेले ते 'पेटंट वा प्रोप्रायटरी' औषध. या दुसऱ्या प्रकारच्या परवान्याने निर्मात्यास पेटंट मिळत नाही. परवाना निर्मितीपुरता असतो. तोच योग दुसऱ्याने बनविल्यास केवळ परवान्याच्या बळावर त्यास रोखता येत नाही. निर्मात्याचा खरा हक्क बहुधा व्यापारचिन्हापुरता, म्हणजे त्याने नोंदविलेल्या विशिष्ट नावापुरता असतो. च्यवनप्राश, त्रिफळा चूर्ण अशी शास्त्रोक्त नावे मात्र कोणाही एकाची होऊ शकत नाहीत.

तसेच औषध नियम १९४५ मधील नियम १६१ नुसार लेबलवर घटकद्रव्यांची खरी यादी व जेथे लागू असेल तेथे ग्रंथाधार द्यावा लागतो. त्यामुळे परवानाप्राप्त औषधात घटकांची गुप्तता ठेवू पाहणे व्यर्थ आहे. प्रक्रियेतील कौशल्य गुप्त ठेवता येते. त्यासाठी कारागिरांशी व भागीदारांशी लेखी करार असावा.

५. श्लोक सर्वांचा, संपादन संपादकाचे

संहितेच्या मूळ पाठावर कोणाचाही स्वामित्वहक्क नाही. परंतु आधुनिक अनुवाद, टीका, तळटीपा व प्रस्तावना यांवर लेखकाच्या हयातीत आणि मृत्यूनंतर ६० वर्षे हक्क असतो. शंकर दाजी शास्त्री पदे १९०९ मध्ये निवर्तले. त्यांचे लेखन आज सर्वांस मुक्त आहे. हयात लेखकाचा अनुवाद मात्र तसा मुक्त नाही.

हा भेद विधिक्षेत्रातील एका निवाड्याने स्पष्ट होतो. ईस्टर्न बुक कंपनी विरुद्ध डी. बी. मोडक या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २००७ मध्ये म्हटले की, न्यायनिर्णयाचा मूळ मजकूर सर्वांचा आहे. तथापि परिच्छेदांची मांडणी व क्रमांकन यांसारख्या, संपादकाने कौशल्य व निर्णयबुद्धी वापरून केलेल्या भागास संरक्षण आहे. संहितांच्या आवृत्त्यांनाही हाच विचार लावून पाहावा. आपल्या माहितीपत्रकात दुसऱ्याचा अनुवाद जसाच्या तसा छापणे कायद्याने अयोग्य आहे आणि गुरुपरंपरेलाही शोभणारे नाही.

ग्रंथपालांस कायद्याने काही सवलती आहेत. भारतात विक्रीस उपलब्ध नसलेल्या ग्रंथाच्या ग्रंथालयीन उपयोगासाठी तीनपर्यंत प्रती करता येतात. ही सवलत विनाव्यापारी सार्वजनिक ग्रंथालयांस आहे, औषधविक्रीच्या दुकानास नाही.

६. तिघांची कर्तव्ये

वैद्याने द्रव्य ओळखून पाठाचा अर्थ सांगावा, पण पेटंट वैध की अवैध याचा निर्वाळा देऊ नये. ग्रंथपालाने ग्रंथ शोधून आवृत्ती, वर्ष व दाखल दिनांक दाखवावा. चिकित्सेचा अथवा कायद्याचा सल्ला देणे त्यांचे काम नव्हे. विधिज्ञाने त्या पुराव्यावरून युक्तिवाद करावा, पण अवल्गुज म्हणजे काय हे स्वतःच ठरवू नये. चरकसंहितेच्या विमानस्थानात (अध्याय ८) तद्विद्यसंभाषेचे महत्त्व सांगितले आहे. येथे तर तीन विद्यांच्या जाणकारांनी एकत्र बसावयाचे आहे.

७. नोंद कशी ठेवावी

(अ) पृष्ठक्रमांक छापलेली बांधीव वही वापरावी. प्रत्येक नोंदीवर दिनांक व स्वाक्षरी असावी, आणि शक्य तेथे एका साक्षीदाराचीही स्वाक्षरी घ्यावी.
(आ) द्रव्याचे मराठी नाव, संस्कृत पर्याय, वनस्पतिशास्त्रीय नाव व उपयुक्तांग ही चारही लिहावीत. 'एक मूठ' न लिहिता ग्रॅममध्ये मान द्यावे.
(इ) ग्रंथाधार असल्यास ग्रंथ, स्थान, अध्याय, श्लोकक्रमांक, संपादक, आवृत्ती व वर्ष नमूद करावे. आधार नसल्यास 'स्वानुभूत' किंवा 'गुरुमुखातून' असे प्रामाणिकपणे लिहावे.
(ई) जुन्या वह्यांची छायाप्रत काढून महाविद्यालयाच्या ग्रंथालयात दाखल करावी व दाखल क्रमांक घ्यावा. तत्पूर्वी रुग्णांची नावे झाकावीत.
(उ) एखादी प्रक्रिया खरोखर नवी वाटत असल्यास परिषदेत वाचण्यापूर्वी पेटंट एजंटांचा सल्ला घ्यावा. आधी प्रकट झालेल्या गोष्टीचे नावीन्य सामान्यतः नष्ट होते. जैविक द्रव्यांवर आधारित शोधासाठी जैवविविधता अधिनियम २००२ मधील तरतुदीही पाहाव्यात. त्यांत २०२३ मध्ये दुरुस्ती झाली आहे.

यांतील (ई) व (उ) परस्परविरोधी भासतील. दाखल केलेला पाठ सर्वांस खुला होतो, म्हणून त्यावर पुढे आपणही हक्क सांगू शकत नाही. तेव्हा कोणता पाठ समाजास द्यावा व कोणता स्वतःपाशी राखावा, हे प्रत्येकाने समजून-उमजून ठरवावे. न ठरविता वही कपाटात ठेवणे हा मात्र सर्वांत वाईट पर्याय होय. त्याने ना समाजास लाभ होतो, ना वारसांस, ना गुरूंच्या कीर्तीस.

आमच्या गुरुवर्यांच्या तिन्ही वह्या आता ग्रंथालयात दाखल झाल्या आहेत. त्यांवर पडलेली तारीख चाळीस वर्षे उशिराची आहे. वाचकांनी आपल्या घरातील वह्यांना एवढा उशीर होऊ देऊ नये, ही नम्र विनंती. इत्यलम्.