भेंडीचा केवडा

भेंडीच्या हिरव्यागार शेतात एखाद्या झाडाच्या कोवळ्या पानांच्या शिरा पिवळ्या दिसू लागतात. शिरांमधील भाग प्रथम हिरवाच राहतो. त्यामुळे पानावर पिवळ्या सुताचे जाळे विणल्यासारखे वाटते. पुढे सारे पान पिवळे पडते, झाडाची वाढ खुंटते आणि फळे लहान, फिकट व निबर होतात. शेतकरी या रोगास केवडा म्हणतात. नाव सुंदर आहे. रोग मात्र पिकाचा घात करणारा आहे. द्राक्षावर किंवा काकडीवर येणारा केवडा निराळा; तो बुरशीसारख्या जीवापासून होतो.

भेंडीवरील या रोगाची पहिली नोंद १९२४ मध्ये मुंबई इलाख्यात झाली. १९४० मध्ये उप्पल, वर्मा व कपूर या शास्त्रज्ञांनी तो विषाणुजन्य असल्याचे दाखविले. हा विषाणू ज्या कुळातील आहे, त्या कुळाचे कण जुळ्या मण्यांसारखे एकमेकांस चिकटलेले असतात. म्हणून मिथुन राशीच्या लॅटिन नावावरून त्यास ‘जेमिनी’ कुळ म्हणतात. असे सुमारे ३३,००० कण ओळीने ठेवले, तर एक मिलिमीटर लांबी भरेल. टोमॅटोची पाने आकसविणारे व मूग-उडीद पिवळे पाडणारे विषाणू याच कुळातील होत.

रोगट भेंडीचा रस निरोगी पानावर चोळला, तरी केवडा होत नाही. मग तो शेतभर पसरतो कसा? त्याचे वाहन आहे पांढरी माशी. हिला माशी म्हणत असले, तरी ती मावा व तुडतुडे यांची नातलग असून तिची लांबी जेमतेम एक मिलिमीटर असते. पानाच्या खालच्या बाजूस बसून ती सोंडेने शिरांतील रस शोषते. रसाबरोबर पोटात गेलेला विषाणू आतड्याच्या भिंतीतून तिच्या रक्तात आणि तेथून लाळग्रंथींत पोहोचतो. या प्रवासास काही तास लागतात. त्यानंतर ती ज्या भेंडीवर बसेल, तिच्यात लाळेवाटे विषाणू उतरतो. अशी माशी पुढे बहुधा मरेपर्यंत रोग वाहत राहते.

औषध फवारल्याने माशी मरते. परंतु मरण्यापूर्वीच तिने विषाणू सोडलेला असतो. रोगी झाड बरे करणारे औषध तर नाहीच. म्हणून पहिली पिवळी झाडे दिसताच ती उपटून नष्ट करावी लागतात. खरी आशा रोगास दाद न देणाऱ्या वाणांची. ‘पुसा सावनी’ हा वाण काही वर्षे टिकला, मग तोही बळी पडू लागला. परभणीच्या कृषी विद्यापीठाने त्याचाच भेंडीच्या एका नातलग जातीशी संकर करून ‘परभणी क्रांती’ निर्माण केली. पुढे तिच्यावरही ठिकठिकाणी केवडा दिसू लागला. आता संशोधक रानभेंडीच्या जातींत पुन्हा तोच गुण शोधीत आहेत.