उन्हाळ्याच्या अखेरीची कौटुंबिक मासेमारी : मार्गदर्शन व खबरदारी

वैशाख सरतेवेळी नांगरट झालेली असते, मुलांना शाळेची सुटी असते आणि पाहुणेमंडळी गावी आलेली असतात. अशा दिवसांत गळ व खाऊचे डबे घेऊन सारे कुटुंब नदीच्या डोहावर अथवा गावतळ्यावर जाते. ही प्रथा चांगली आहे. त्यायोगे आहारात प्रथिनांची भर पडते व मुलांना पाण्याची ओळख होते. परंतु याच सुमारास पाणी सर्वांत कमी असते, आणि डोहात उरलेला मासा हाच पुढील वर्षीच्या माशांचे मूळ असतो. यास्तव ग्रामस्तरावरील कार्यकर्त्याने अशा मंडळींना पुढीलप्रमाणे मार्गदर्शन करावे.

परवानगी. बऱ्याच तलावांतील मासेमारीचा हक्क मच्छीमार सहकारी संस्थांना ठेक्याने दिलेला असतो. अशा तलावात संस्थेने बीज विकत आणून सोडलेले असते व त्यावर अनेक घरांची चूल अवलंबून असते. म्हणून संस्थेच्या अथवा ग्रामपंचायतीच्या अनुमतीवाचून गळ टाकू नये. देवस्थानाच्या डोहात तर मुळीच टाकू नये. महाड तालुक्यातील वाळण कोंडीत श्रद्धेने राखलेले मोठे मासे पाहावयास मिळतात. कायद्याआधीही लोकांनी स्वतः होऊन मासे राखले, याचे ते उत्तम उदाहरण होय.

वेळ. पाणी जसजसे तापते तसतसा त्यात प्राणवायू कमी विरघळतो. २० अंश सेल्सिअस तापमानास एक लिटर पाण्यात सुमारे ९ मिलिग्रॅम प्राणवायू राहू शकतो, तर ३० अंशांस सुमारे साडेसातच. दुपारी मासा खोल पाण्यात व सावलीस जातो आणि आमिषास तोंड लावीत नाही. शिवाय दुपारचे ऊन मुलांना व वृद्धांना बाधते. म्हणून सूर्योदयानंतरचे दोन-तीन तास आणि सायंकाळचा प्रहर हाच काळ निवडावा. रात्रभर पाणवनस्पती व शेवाळ प्राणवायू वापरीत असल्यामुळे पहाटे त्याचे प्रमाण सर्वांत कमी असते. मासे पृष्ठभागी येऊन तोंडे उघडमीट करीत असल्यास ते गुदमरत आहेत असे समजावे, त्या दिवशीची सहल रहित करावी व संस्थेस तत्काळ कळवावे.

जागा. कार्यकर्त्याने आदल्या दिवशी स्वतः काठ पाहून यावा. गाळ अथवा मुरूम काढलेल्या ठिकाणी गुडघाभर पाण्यालगतच पुरुषभर खोल खड्डा असू शकतो. अशी जागा काठी टेकून तपासावी व तेथे खूण रोवावी. मुले व पाणी यांच्यामध्ये पोहता येणारा एक प्रौढ मनुष्य सदैव असावा, आणि त्याने त्या वेळी स्वतः गळ धरू नये. जवळ लांब दोर व हवा भरलेली ट्यूब ठेवावी. वळवाचे ढग दिसू लागून गडगडाट ऐकू येताच गळाच्या काठ्या खाली ठेवून सर्वांनी पक्क्या इमारतीत जावे. एकाकी झाडाखाली उभे राहू नये. विजेच्या तारांखाली काठी उभारू नये.

साधने. कुटुंबास बांबूची काठी, दोरी, लहान गळ व बोंडी एवढे पुरे. आमिषास गांडूळ अथवा कणकेची गोळी चालते. सुरुंगाचा स्फोट करणे किंवा पाण्यात विष कालविणे कायद्याने गुन्हा आहे. कीटकनाशकाने मारलेला मासा खाणाऱ्यासही घातक असतो.

काय ठेवावे, काय सोडावे. पोट फुगलेली, अंड्यांनी भरलेली मादी सोडून द्यावी. रोहूच्या मादीच्या दर किलो वजनामागे सुमारे दोन लक्ष अंडी असतात, मात्र त्यांपैकी फारच थोडी पिले मोठी होतात. मरळ जातीचे नरमादी आपल्या पिलांच्या थव्याची राखण करतात. पृष्ठभागी तांबूस पिलांचा पुंजका दिसल्यास त्याच्या आसपास गळ टाकू नये, कारण राखणदार गेला की पिले इतर माशांच्या भक्ष्यस्थानी पडतात. सोडावयाचा मासा ओल्या हातांनी धरावा व शक्यतो पाण्यातच गळ काढावा. शिंगीचा काटा लागल्यास जखम धुऊन सोसेल इतक्या गरम पाण्यात हात बुडवावा व दवाखान्यात दाखवावे.

पहिला पाऊस. खरी परीक्षा येथेच आहे. मृगाच्या सरींनी ओढे वाहू लागताच नदीतील मासे अंडी घालण्यासाठी उथळ पाण्याकडे चढू लागतात. यांना कोठे चढणीचे, तर कोठे वलगणीचे मासे म्हणतात. या वेळी सारा ओढा सापळ्यांनी अडविला तर एका रात्रीत टोपल्या भरतात, परंतु पुढील वर्षी डोह रिकामा राहतो. कटला, रोहू, मृगळ यांचे बीज बीजकेंद्रातून आणता येते. १९५७ साली डॉ. हिरालाल चौधरी यांनी पिट्यूटरी ग्रंथीच्या अर्काची टोचणी देऊन प्रेरित प्रजनन साधल्यापासून ही सोय वाढली. ओढ्यातील लहान देशी माशांना मात्र अशी सोय सहसा नाही. म्हणून ओढ्याचा निदान अर्धा पाट मोकळा ठेवावा, असा ठराव ग्रामसभेने पावसापूर्वीच करावा.

पकडलेला मासा ओल्या गोणपाटात सावलीस ठेवावा, घरी नेऊन लगेच साफ करावा व त्याच दिवशी शिजवावा. उष्णतेमुळे तो काही तासांतच नासतो. घरच्या जेवणास पुरेल तितकाच मासा धरावा.

कार्यकर्त्याने तारीख, ठिकाण, माशांच्या जाती व संख्या यांची नोंद वहीत ठेवावी, आणि मोजणीचे काम मुलांकडे सोपवावे. दोन-तीन वर्षांच्या नोंदींवरून डोहातील मासा वाढतो आहे की घटतो आहे हे गावाला स्वतःच पडताळून पाहता येईल.